पाठीवरचं बिऱ्हाड

ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर मान तिरपी करून बसलेला कुत्रा महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांच्या ओळखीचा आहे. नाट्यगीतांच्या आणि भावगीतांच्या तबकड्यांवर तो गरगर फिरायचा. त्याचं नाव निपर. फ्रान्सिस बॅरॉड या इंग्रज चित्रकाराने काढलेलं त्याचं चित्र आपल्याकडे 'हिज मास्टर्स व्हॉइस'ची खूण म्हणून आलं. अमेरिकेत त्याच चित्राचा हक्क व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीकडे होता. न्यू जर्सी राज्यात, डेलावेअर नदीच्या काठावर, फिलाडेल्फियाच्या समोर कॅम्डेन नावाचं शहर आहे. तिथल्या व्हिक्टरच्या कारखान्याच्या मनोऱ्यावर रंगीत काचांत घडवलेला निपर चारही दिशांना तोंड करून बसवला होता. 1929 मध्ये ही कंपनी रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकाने, म्हणजे आरसीएने, विकत घेतली आणि तबकड्यांच्या कारखान्यात रेडिओ तयार होऊ लागले.

या एका कंपनीचा माग मला काढायचा आहे. अमुक कंपनीने चीनमधला कारखाना व्हिएतनामला हलवला, तमुक कंपनी भारतात आली, अशा बातम्या आपण आता रोज वाचतो आणि हा सगळा गेल्या दहा-पंधरा वर्षांतला प्रकार आहे असं समजतो. कारणही सगळ्यांना पाठ असतं : तिकडे मजुरी स्वस्त. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. मजुरी स्वस्त असलेली गावं जगात हजारो असताना कारखाना त्यातल्या एकाच गावात का जातो, आणि तीस वर्षं नांदलेल्या गावातून नेमका कधी निघतो, हे त्यातून कळत नाही. आरसीएने आपलं रेडिओ-टीव्हीचं बिऱ्हाड साठ वर्षांत कॅम्डेनहून ब्लूमिंग्टनला, तिथून मेम्फिसला, तैवानला आणि मेक्सिकोला हलवलं. यातल्या पहिल्या दोन मुक्कामांसाठी तिला देशही सोडावा लागला नाही. म्हणूनच ही कंपनी मला महत्त्वाची वाटते. परदेश, परकं चलन, परका कायदा यांपैकी काहीही मध्ये नसताना ती का हलली, हे इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. इतिहासकार जेफरसन काउवी यांनी 'कॅपिटल मूव्हज' या पुस्तकात या प्रवासाची बारकाईने नोंद केली आहे आणि कामगारांच्या इतिहासात रस असलेल्या कुणालाही ते टाळून पुढे जाता येत नाही.

मंदीच्या काळात कॅम्डेनमध्ये रेडिओच्या जोडणीवर हजारो माणसं काम करत होती. त्यात तरुण मुलींची संख्या मोठी होती. पगार कमी, कामाचा वेग जास्त आणि हंगाम संपला की घरी बसायचं. नदीपलीकडे फिलाडेल्फियात फिल्को कंपनीच्या कामगारांनी जेम्स कॅरी या तरुण पोराच्या नेतृत्वाखाली युनियन उभी केली होती आणि मजुरी वाढवून घेतली होती. बातमी नदी ओलांडून यायला वेळ लागला नाही. 1936 च्या मार्चमध्ये युनायटेड इलेक्ट्रिकल ही देशव्यापी युनियन स्थापन झाली आणि जूनमध्ये कॅम्डेनच्या कारखान्यात संप झाला. आरसीएचे प्रमुख डेव्हिड सारनॉफ स्वतः गरीब घरातले, रशियन साम्राज्यातून लहानपणी अमेरिकेत आलेले, तारायंत्रावर नोकरी करत वर चढलेले. त्यांनी कामगारांशी वाटाघाटींसाठी ह्यू जॉन्सन या निवृत्त जनरलला सल्लागार म्हणून आणलं. चार आठवडे रस्त्यावर मारामाऱ्या झाल्या, धरपकड झाली. अखेरीस तडजोड झाली आणि कुणाला मान्यता द्यायची यासाठी सरकारी मंडळाच्या देखरेखीखाली मतदान घ्यायचं ठरलं. कंपनीच्या मर्जीतल्या संघटनेने मतदानावर बहिष्कार टाकला. मग झालेल्या मतांचं बहुमत मानायचं की सगळ्या कामगारांच्या संख्येचं, असा वाद निघाला. मंडळाने निकाल दिला, झालेल्या मतांचं. युनियन जिंकली. हा निकाल पुढे अमेरिकेतल्या असंख्य कारखान्यांना लागू पडला.

या विजयाला चार वर्षं होतात न होतात तोच कंपनीने रेडिओची जोडणी कॅम्डेनमधून काढायला सुरुवात केली. कारखाना बंद पडला नाही. संशोधन, लष्कराची कामं, कुशल यंत्रकारांचं काम तिथेच राहिलं. निघून गेलं ते दिवसभर एकच हालचाल हजार वेळा करायचं काम, जे शिकायला आठवडा पुरतो. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढच्या प्रत्येक स्थलांतरात तो दिसतो. ज्याची जागा भरायला वेळ लागतो त्याच्याशी कंपनी जुळवून घेते. ज्याची जागा कुणीही भरू शकतं, त्याच्यासाठी ती दुसरं गाव शोधते.

दुसरं गाव सापडलं इंडियाना राज्यात. ब्लूमिंग्टनच्या भोवतालच्या टेकड्यांखाली फिकट करड्या रंगाचा उत्तम चुनखडक आहे. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग याच पट्ट्यातल्या दगडाने मढवलेली आहे, आणि आरसीएचं मुख्यालय जिथे होतं ती रॉकफेलर सेंटरची उंच इमारतही. मंदीत बांधकामं थांबली, खाणी ओस पडल्या. गावातला शॉवर्स ब्रदर्स हा फर्निचरचा कारखाना एके काळी देशातल्या सर्वांत मोठ्या फर्निचर कारखान्यांत गणला जायचा. त्यालाही घरघर लागली होती. ज्यांनी खाणीतून दगड काढून सारनॉफ यांच्या कचेरीच्या भिंती उभ्या केल्या, त्यांच्याच घरी 1940 मध्ये चूल पेटायची मारामार होती. आरसीएने शॉवर्सचीच एक इमारत घेतली आणि दारावर रांग लागली ती या खाणकामगारांच्या मुलींची आणि बायकांची.

मुलीच का? कंपनी सांगायची की बारीक कामाला बायकांची बोटं चांगली. हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते कॅम्डेनमध्ये म्हटलं गेलं, ब्लूमिंग्टनमध्ये म्हटलं गेलं, पुढे तैवान आणि मेक्सिकोमध्येही म्हटलं गेलं. इटालियन, पोलिश, इंडियानाच्या शेतकरी घरातल्या, चिनी, मेक्सिकन अशा सगळ्याच मुलींची बोटं निसर्गतः एका कारखान्याच्या सोयीची असतात, असं मानायचं तर माना. प्रत्यक्षात त्या सगळ्यांत समान होती ती घरची ओढगस्त. त्यांच्यापुढे दुसरी नोकरी नव्हती, घरी त्यांच्या कमाईला 'वरखर्चाची' समजलं जायचं, आणि लग्न झालं की त्या जातील, म्हणजे जुन्या होऊन जास्त पगार मागणार नाहीत, असा हिशेब होता.

काम कसं होतं, तेही पाहायला हवं. सरकत्या पट्ट्यावर धातूची चौकट येते. तिच्यातल्या ठरलेल्या दोन जागी दोन सुटे भाग बसवायचे, त्यांच्या तारांची टोकं वाकवायची, सोल्डरचा थेंब टाकायचा. चौकट पुढे सरकते, दुसरी येते. सोल्डरच्या धुराने डोळे चुरचुरतात. थेंब जास्त पडला तर शेजारच्या जोडाला चिकटतो, कमी पडला तर पुढे तपासणीच्या टेबलावर संच मुका निघतो आणि नाव आपलं लागतं. शौचालयाला जायचं तर बदली बाई मिळेपर्यंत थांबायचं. पिक्चर ट्यूबच्या मानेभोवती बसणारं तांब्याच्या तारेचं गुंडाळं, ज्याला योक म्हणतात, ते तयार करणारीला तर तार किती ताणायची हे बोटांनीच ओळखावं लागे. ताण चुकला की पडद्यावरचं चित्र एका बाजूला ओढलं जायचं. हे कसब सहा महिन्यांत अंगात मुरतं आणि पगाराच्या चिठ्ठीवर त्याची नोंद कुठेच होत नाही.

युद्धाच्या काळात ब्लूमिंग्टनच्या या बायकांनी तोफगोळ्यांसाठी प्रॉक्सिमिटी फ्यूज, म्हणजे लक्ष्याजवळ पोहोचताच गोळा फोडणारी यंत्रणा, जोडले. ते इतकं गुप्त काम होतं की आपण काय बनवतो आहोत हे बहुतेकींना ठाऊक नव्हतं. 1949 मध्ये टीव्हीची जोडणी आली, 1954 मध्ये आरसीएचा पहिला विक्रीयोग्य रंगीत टीव्ही याच गावात तयार झाला, आणि गावाने स्वतःला 'रंगीत टीव्हीची राजधानी' म्हणवून घ्यायला सुरुवात केली. साठच्या दशकात कारखान्यात आठ हजारांच्या आसपास माणसं होती.

नेमकं याच भरभराटीत कंपनीचं मन उडायला लागलं. ज्या मुली लग्न करून जातील असा अंदाज होता, त्या गेल्या नाहीत. त्यांनी घरं घेतली, गाड्यांचे हप्ते सुरू केले, मुलांना तिथल्याच विद्यापीठात घातलं. सेवाज्येष्ठतेची यादी लांबली. युनियन सुरुवातीला मवाळ होती. पण 1964 मध्ये युनियनच्या पुढाऱ्यांनाही न जुमानता कामगार बाहेर पडले आणि त्यानंतरही असे संप झाले. शिवाय आता गावात वेस्टिंगहाउस, ओटिस आणि जनरल इलेक्ट्रिक यांचेही कारखाने येत होते. फोरमन ओरडला तर हातातलं काम ठेवून पलीकडच्या फाटकावर अर्ज देता येत होता. 1940 मधल्या ब्लूमिंग्टनमध्ये आणि 1965 मधल्या ब्लूमिंग्टनमध्ये खरा फरक हाच होता. मजुरी वाढली होती, पण मजुरीपेक्षा पर्याय वाढले होते. आणि ते त्याच कारखान्यामुळे वाढले होते. कारखान्याने गावाला पगार दिला, पगाराने बाजार आला, बाजारामागून दुसरे कारखाने आले, आणि माणसं कारखान्याला नाही म्हणू शकतील इतकी सावरली. माझ्या मते हाच या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. कंपनी गाव सोडते ती गाव कमी पडलं म्हणून क्वचितच. बहुतेकदा त्या गावात तिचं काम नीट झालेलं असतं.

मेम्फिसचा मुक्काम थोडक्यात सांगतो, कारण तो होताच थोडक्यात. 1966 मध्ये टेनेसी राज्यातल्या या शहरात आरसीएने कृष्णधवल टीव्हीचा मोठा कारखाना उघडला. तिथल्या कायद्याने युनियनचे हात बांधलेले होते, मजुरी ब्लूमिंग्टनपेक्षा कमी होती, आणि 1964 च्या नागरी हक्क कायद्यामुळे आतापर्यंत गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या काळ्या बायकांना पहिल्यांदाच कारखान्याचं दार उघडं होत होतं. कंपनीला वाटलं होतं, उपकाराखाली दबलेली माणसं मिळतील. वर्षभरातच संप झाला. शहराची हवाच तशी होती. 1968 मध्ये याच मेम्फिसमध्ये सफाई कामगारांचा संप झाला आणि त्याच्या पाठिंब्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचा 4 एप्रिलला खून झाला. त्यात जपानी कंपन्यांनी कृष्णधवल टीव्हीचे भाव पाडले होते. पाच वर्षंही पुरती झाली नसतील, तोच कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला. ब्लूमिंग्टनला बदलायला पंचवीस वर्षं लागली होती, मेम्फिसला एक पुरलं.

देशाची हद्द ओलांडायला मात्र नुसती इच्छा पुरत नाही, कायद्यात वाट असावी लागते. ती अमेरिकेच्या आयातकराच्या तक्त्यातल्या दोन नोंदींत सापडली, 806.30 आणि 807.00. त्यातली 807 साधी होती : अमेरिकेत बनलेले सुटे भाग परदेशात पाठवून तिथे नुसते जोडून परत आणले, तर कर पूर्ण किमतीवर नाही, फक्त परदेशात पडलेल्या भरीवर. शंभर डॉलरचे भाग पाठवले, दहा डॉलरची जोडणी झाली, तर कर दहावर. या एका ओळीने जोडणीचं काम बाकी उत्पादनापासून मोकळं झालं. ट्यूब इथे, सुटे भाग इथे, लाकडी पेटी इथे. सोल्डरचे थेंब तेवढे दुसऱ्या देशात.

सीमेच्या पलीकडे मेक्सिकोची वेगळी अडचण होती. 1942 पासून बावीस वर्षं 'ब्रासेरो' योजनेखाली मेक्सिकन पुरुष अमेरिकेतल्या शेतांवर हंगामी मजूर म्हणून जात होते. पंचेचाळीस लाखांहून अधिक करार झाले. 1964 च्या अखेरीस अमेरिकेने योजना गुंडाळली आणि सीमेवरच्या गावांत बेकार पुरुषांची गर्दी झाली. 1965 मध्ये मेक्सिकोने सीमेवर कारखाने आणायची योजना जाहीर केली : यंत्रं, सुटे भाग करमुक्त आणा, जोडा, परत न्या. अशा कारखान्याला तिथे 'माकिलादोरा' म्हणू लागले. मूळ शब्द धान्य दळून देण्याच्या मोबदल्याचा, म्हणजे आपल्या गिरणीतल्या दळणावळीचा. दाणे तुमचे, पीठही तुमचं, आमचे फक्त कष्ट.

स्युदाद हुआरेझ हे रिओ ग्रांदे नदीच्या दक्षिण काठावरचं, टेक्सासमधल्या एल पासोच्या समोरचं शहर. तिथल्या बर्मुडेझ घराण्याने आपल्या कापसाच्या शेतात औद्योगिक वसाहत आखली. त्या वसाहतीतल्या पहिल्या मोठ्या कंपन्यांत आरसीए होती. 1969 च्या सुमाराला कारखाना सुरू झाला. योजना आखली होती बेकार झालेल्या पुरुषांसाठी. भरती झाली त्यांच्या मुलींची. सुरुवातीच्या वर्षांत माकिलादोरांमधल्या दर दहा कामगारांत आठांहून अधिक स्त्रिया होत्या. ज्यांना योजनेचं कारण म्हणून पुढे केलं होतं, ते पुरुष घरी बसून मुलींच्या पगाराची वाट पाहत राहिले. कुटुंबाच्या आतली सत्ता उलटी झाली आणि त्याची किंमत मुलींनीच मोजली, कारखान्यातही आणि घरीही.

याच सुमाराला आशियातही अशा कुंपण घातलेल्या वसाहतींचं पीक आलं होतं. भारताने 1965 मध्ये कांडल्याला, तैवानने 1966 मध्ये काओश्युंगला निर्यात क्षेत्र सुरू केलं. 1973 मध्ये मुंबईत अंधेरीला सीप्झ उभं राहिलं तेही मुळात इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठीच, आणि त्याही फाटकातून सकाळच्या पाळीला आत जाणाऱ्यांत मुलींची संख्या लक्षणीय होती. हुआरेझ, काओश्युंग आणि अंधेरी यांची भाषा, हवा, देव सगळं वेगळं. फाटकावरची गर्दी तेवढी सारखी.

आरसीएने तैवानमध्ये ताओयुआनला कारखाना काढला, 1970 च्या आसपास. त्याच्याकडे मी शेवटी येईन. आधी एक प्रश्न : तैवानची मजुरी मेक्सिकोपेक्षाही कमी असताना सगळंच काम तिकडे का गेलं नाही? उत्तर पिक्चर ट्यूबच्या वजनात आहे. जाड काचेची ती पोकळ, पोटात निर्वात पोकळी असलेली नळी. मोठ्या पडद्याचा रंगीत टीव्ही दोन माणसांनी धरून उचलावा लागायचा. त्यातला बराचसा भाग हवा आणि काच. असा संच जहाजातून पॅसिफिक महासागर ओलांडून आणायचा, म्हणजे रिकामी जागाच भाड्याने वाहायची. ट्रान्झिस्टर रेडिओ कुठूनही आणा, चिप तर विमानाने आणा. पण पंचवीस-सत्तावीस इंची टीव्ही गिऱ्हाइकाच्या जवळच जोडावा लागतो. हुआरेझमध्ये जोडलेली चौकट ट्रकमध्ये टाकली की सरळ रस्त्याने इंडियानात.

गिऱ्हाइकाच्या जवळ जाण्याची ओढ कारखान्यांना पहिल्यापासून आहे. आपल्याकडच्या गायिकांची आणि गायकांची 1902 मधली पहिली ध्वनिमुद्रणं कलकत्त्याला झाली, पण तबकड्या दाबल्या गेल्या जर्मनीत हॅनोव्हरला, आणि बोटीने परत आल्या. सहाच वर्षांत ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यात कारखाना काढला. सत्तरच्या दशकात जपानी टीव्ही कंपन्यांनी हेच केलं. सोनीने 1972 मध्ये सॅन डिएगोला कारखाना उघडला, मात्सुशिताने 1974 मध्ये मोटोरोलाचा टीव्हीचा धंदाच विकत घेतला. 1977 मध्ये अमेरिकेने जपानकडून वर्षाला साडेसतरा लाख रंगीत टीव्हीच घेऊ अशी मर्यादा घातल्यावर उरलेल्या जपानी कंपन्याही अमेरिकेत आल्या. तैवान आणि कोरियावरही तशीच मर्यादा आली. म्हणजे अमेरिकन कंपन्या देश सोडत होत्या, त्याच वर्षांत जपानी कंपन्या त्याच देशात येत होत्या, आणि दोघांचाही हिशेब बरोबर होता. कर, मर्यादा, वजन आणि रस्ता यांची जी बेरीज मेक्सिकोच्या उत्तर सीमेवर जमत होती ती दुसरीकडे कुठेच जमत नव्हती. हळूहळू जपानी कंपन्याही त्या सीमेवर आल्या. सोनी, सॅन्यो, मात्सुशिता सगळ्यांनी तिहुआनाला कारखाने काढले.

मग मालकच बदलू लागले. 1986 मध्ये जनरल इलेक्ट्रिकने सहा अब्ज डॉलरहून जास्त मोजून आरसीए घेतली. पुढच्याच वर्षी टीव्हीचा धंदा फ्रान्सच्या सरकारी मालकीच्या थॉमसन कंपनीला दिला आणि बदल्यात त्यांचा वैद्यकीय उपकरणांचा धंदा आणि वर रोकड घेतली. ब्लूमिंग्टनच्या बायकांना सकाळी उठल्यावर कळलं की आपला मालक आता पॅरिसमध्ये आहे. 1996 मध्ये फ्रेंच सरकारने थॉमसनचा हा विभाग, डोक्यावरच्या कर्जासह, कोरियाच्या देवू कंपनीला एक फ्रँकला द्यायचं ठरवलं होतं. फ्रान्समध्ये गदारोळ झाला, व्यवहार मोडला. अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना हजारो घरांची चूल ज्यावर पेटत होती, त्या धंद्याची ही बोली होती.

तोटा भरून काढायची घाई असताना पहिली कुऱ्हाड कुठे पडणार हे उघड होतं. 1994 पासून उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार, नाफ्टा, लागू झाला होता. 807 च्या पळवाटेचीही आता गरज उरली नव्हती. 1997 च्या फेब्रुवारीत थॉमसनने जाहीर केलं की ब्लूमिंग्टनचं उरलेलं काम हुआरेझला जाईल. आठ हजारांतले अकराशेच्या आसपास उरले होते, आणि त्यातले कित्येक तीस-तीस वर्षं तिथे होते. 1998 च्या 1 एप्रिलला शेवटचा टीव्ही पट्ट्यावरून उतरला. 1940 मध्ये कॅम्डेनला जे सोडून आली, तेच कंपनीने इथेही सोडलं : पक्कं बांधकाम केलेली इमारत आणि कसब असलेले, पण ते दुसरीकडे विकता न येणारे हात.

हुआरेझमध्ये तरी चांदी झाली का? तिथेही तीस वर्षं होत आली होती. मुली बायका झाल्या होत्या, त्यांच्या मुली कामावर लागल्या होत्या. पूर्वी तिथल्या कामगाराचं मुख्य हत्यार होतं नोकरी सोडणं. या फाटकातून बाहेर पडायचं आणि सोमवारी शेजारच्या फाटकात शिरायचं, इतक्या सहजपणे की व्यवस्थापक वर्षभरात निम्म्याहून जास्त माणसं नवी पाहायचे. मग 1994 च्या डिसेंबरमध्ये पेसो कोसळला. डॉलरला साडेतीन पेसोंच्या आत असलेला दर मार्चमध्ये सातच्या पलीकडे गेला. दुकानातलं दूध, तेल, शाळेचे बूट महागले आणि पगाराचं पाकीट तेवढंच राहिलं. कंपनीच्या हिशेबात मात्र मजुरी तीन महिन्यांत जवळपास अर्धी झाली, कारण ती हिशेब डॉलरमध्ये ठेवत होती. 1995 च्या फेब्रुवारीत थॉमसनच्या, म्हणजे जुन्या आरसीएच्या, कारखान्यातले कामगार अधिकृत युनियनला न विचारता बाहेर पडले आणि पगारवाढ मिळवून आत गेले. कॅम्डेन, ब्लूमिंग्टन, मेम्फिस, हुआरेझ. चारही गावांत एकमेकींचं नावही न ऐकलेल्या बायकांनी तेच केलं, आणि त्यामुळे मला माणसांविषयी मोठा दिलासा वाटतो.

गरिबी कायमची पुरेल असं गाव कंपनीला सापडलं नाही. पण सावरलेल्या गावाला आपली मुळं धरून ठेवता येतील, असंही झालं नाही. हुआरेझ लाखांनी वाढलं. वाळवंटात पत्र्यापुठ्ठ्याची घरं उभी राहिली, तिथे पाणी टँकरने यायचं आणि पहाटेच्या पाळीला मुली अंधारात चालत बसथांब्यावर यायच्या. 1993 पासून त्या शहरात शेकडो स्त्रियांचे खून झाले. त्यांत माकिलादोरांत काम करणाऱ्याही होत्या. शहराला दिवे आणि रस्ते देणं हे कारखान्यांनी आपलं काम मानलं नाही, आणि पालिकेच्या तिजोरीत त्यासाठी पैसा नव्हता.

2004 मध्ये थॉमसनने टीव्हीचा धंदा चीनच्या टीसीएल कंपनीबरोबर एकत्र केला, वरचष्मा टीसीएलचा. आता सगळं काम चीनला जाईल असं वाटावं, तर त्याच वर्षी अमेरिकेने चिनी रंगीत टीव्हींवर जादा आयातकर लावला. चीनची मजुरी कितीही कमी असली तरी हुआरेझचा कारखाना त्या कराने वाचवला. पुढे सपाट पडदे आले, काचेची नळीच गेली आणि वजनाचा तो जुना हिशेबही. इंडियानात मॅरियनला ट्यूब बनवणारा कारखाना 2004 मध्येच बंद झाला.

आता ताओयुआन. तिथे मुली तैवानच्या खेड्यांतून यायच्या आणि कारखान्याच्या वसतिगृहात राहायच्या. सर्किटचे भाग साफ करायला ट्रायक्लोरोएथिलिनसारखी द्रावणं वापरली जायची. ती हातांवर यायची, हवेत राहायची आणि वापरून झाल्यावर कारखान्याच्या आवारातच जमिनीत मुरायची. जमिनीखालून तेच पाणी विहिरीत यायचं आणि वसतिगृहात प्यायला, आंघोळीला, स्वयंपाकाला तेच असायचं. 1992 मध्ये कारखाना बंद झाला, काम पुढे गेलं. दोन वर्षांनी, 1994 मध्ये, भूजल दूषित झाल्याचं उघड झालं. तोपर्यंत एकेकाळच्या मैत्रिणी एकमेकींना फोन करून विचारायला लागल्या होत्या की, तुलाही गाठ निघाली का?

त्यांनी संघटना बांधली. आपण तिथे कामाला होतो हे सिद्ध करायला जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या, गणवेशातले फोटो गोळा केले. 2004 मध्ये दावा दाखल केला, तेव्हा जिच्यावर दावा करायचा ती कंपनी जागेवर नव्हती. पैसा देशाबाहेर गेला होता, नाव तीन मालकांच्या कागदांत विखुरलं होतं. सुनावणी चालू असताना वादींपैकी काहीजणी वारल्या. 2015 मध्ये तैपेईच्या जिल्हा न्यायालयाने 56 कोटी तैवानी डॉलरांहून अधिक भरपाई देण्याचा हुकूम केला. 2018 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 262 जणांच्या बाबतीत निकाल कायम केला आणि कंपनीबरोबर तिच्या पुढच्या मालकांनाही जबाबदार धरलं. विशीत ज्या वसतिगृहात झोपायला आल्या होत्या, त्याचा पत्ता न्यायालयात सांगताना त्या साठी ओलांडलेल्या होत्या.